आधी मराठीत, मग पायथनमध्ये : स्यूडोकोड कसा आणि कशासाठी लिहायचा?

"कोडिंग म्हणजे इंग्रजीवाल्यांचं काम." विहारातल्या अभ्यासिकेत, वस्तीतल्या मार्गदर्शन वर्गात हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते. पायथन या भाषेत पाठ करावे लागणारे राखीव शब्द पस्तीसच्या आसपास आहेत. दहावी पास झालेल्या कोणत्याही मुलीला ते आठवडाभरात येतील. आपली मुले अडतात ती दुसऱ्याच ठिकाणी. रिकामी स्क्रीन समोर येते, कर्सर लुकलुकतो आणि नेमके काय करायचे आहे हेच ठरलेले नसते. मग युट्यूबवरचा कोड जसाच्या तसा उतरवायचा, तो चालला नाही की "आपल्याला जमत नाही" म्हणायचे.

यावरचा उपाय म्हणजे स्यूडोकोड. संगणकाने जे काम करावे असे आपल्याला वाटते ते आधी कागदावर, आपल्या भाषेत, पायरीपायरीने लिहून काढायचे. संगणक तो चालवू शकत नाही. कंस, कोलन, अर्धविराम चुकायची भीती नाही, कारण त्याचे ठरलेले व्याकरणच नाही. अट एकच : प्रत्येक ओळीचा अर्थ एकच निघाला पाहिजे. "पात्र मुलांना फॉर्म भरायला सांग" ही ओळ स्यूडोकोड होत नाही. पात्र कोण, हे त्यात कुठे आहे?

आपल्या रोजच्या कामातले उदाहरण घेऊ. अभ्यासिकेच्या वहीत चाळीस कॉलेज विद्यार्थ्यांची नावे आहेत. कोणी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा आणि कोणी फ्रीशिपचा, हे काढायचे आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २,५०,००० रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. इतर अटीही आहेत, पण सरावाला एवढ्या पुरेत.

यादीतल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी :
  जर अनुसूचित जातीचे जातप्रमाणपत्र नसेल तर
    "आधी प्रमाणपत्र पाहा" असे लिही
  नाहीतर जर उत्पन्नाचा रकाना रिकामा असेल तर
    "उत्पन्नाचा दाखला आणा" असे लिही
  नाहीतर जर उत्पन्न २,५०,००० किंवा त्याहून कमी असेल तर
    "शिष्यवृत्ती" असे लिही
  नाहीतर
    "फ्रीशिप" असे लिही

आतल्या ओळी थोड्या सरकवून लिहिल्या आहेत, म्हणजे कोणते काम कोणत्या अटीखाली येते ते डोळ्यांना दिसते. पायथनमध्येही असेच सरकवावे लागते, तेव्हा ही सवय फुकट जात नाही.

आता पेन्सिल घेऊन हा कागद 'चालवून' पाहायचा. तीन-चार विद्यार्थी मनाने कल्पायचे आणि एकेक ओळ खाली उतरायचे. उत्पन्न १,८०,००० असलेली मुलगी सहज पार होते. अशा सोप्या उदाहरणातून फारसे काही कळत नाही. खरी परीक्षा काठावर होते. बरोबर २,५०,००० असेल तर? आपण "किंवा त्याहून कमी" लिहिले म्हणून तिला शिष्यवृत्ती मिळते. नुसते "कमी असेल तर" लिहिले असते तर हक्काची मुलगी एका रुपयासाठी दुसऱ्या यादीत गेली असती, आणि प्रोग्रामने एकही चूक दाखवली नसती. रकाना रिकामा असेल तर? ती अट आपण आधी घेतली, कारण रिकामी जागा म्हणजे शून्य उत्पन्न असे धरून चालत नाही. वहीत कोणी "२,५०,०००" असे स्वल्पविरामासकट लिहिले असेल तर संगणक त्याला आकडा न समजता मजकूर समजू शकतो. म्हणून "आधी स्वल्पविराम काढ" ही ओळ वाढवावी लागेल. हे सगळे कागदावर सापडते, खोडरबराने दुरुस्त होते.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. वरच्या स्यूडोकोडमध्ये आम्ही धर्म विचारलेला नाही. आपल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर कुठे "बौद्ध", कुठे "नवबौद्ध", कुठे अजून "हिंदू महार" असते. "जर धर्म बौद्ध असेल तर" अशी अट घातली की "नवबौद्ध" लिहिलेला मुलगा बाहेर, कारण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. जातप्रमाणपत्र आहे की नाही, हाच इथे कामाचा प्रश्न.

अट कशी लिहिली यावर माणसांचे काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट होती : हिंदू असेल तर. १९५६ मध्ये त्यात "किंवा शीख" आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. "किंवा बौद्ध" हे शब्द त्या आदेशात यायला १९९० उजाडावे लागले. चौतीस वर्षे! ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित त्या अटीच्या बाहेर अजूनही आहेत. म्हणून "आणि", "किंवा", "नाहीतर" हे शब्द आमच्या वर्गात सर्वांत जास्त वेळ खातात, आणि ते योग्यच आहे. (काही मित्र "हे असेल तर ते होते" म्हणत याचा धागा थेट प्रतीत्यसमुत्पादाशी जोडतात. आम्हाला ते जरा ओढूनताणून वाटते, पण मुले हसतात आणि अट लक्षात ठेवतात.)

कागद पक्का झाला की भाषांतर उरते. "प्रत्येक विद्यार्थ्यासाठी" म्हणजे पायथनचा फॉर, "जर" म्हणजे इफ, "नाहीतर जर" म्हणजे एलिफ, "नाहीतर" म्हणजे एल्स. राखीव शब्द इंग्रजीतच लिहावे लागतात, पण पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत चालतात. "उत्पन्न" असे नाव दिले तरी प्रोग्राम कुरकुरत नाही. नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी नावेच वापरावी लागतील, शिकताना मात्र ही सोय जरूर घ्यावी. एका वेळी स्यूडोकोडची एकच ओळ कोडमध्ये उतरवायची, चालवून पाहायची, मग पुढची. सगळे एकदम लिहिले की चूक कुठे झाली ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

आणि हो, स्यूडोकोड इतका बारीक लिहू नका की तो कोडच होऊन बसेल. चार ओळींच्या कामाला दोन पाने लिहिणारेही आम्ही पाहिले आहेत. शेजारी बसलेल्या, कोडिंग न येणाऱ्या मैत्रिणीला वाचून दाखवा. तिने तुमच्या कागदावरून हातानेच यादी लावली आणि ती बरोबर आली, तर संगणक सुरू करायला हरकत नाही.

ज्यांनी वरचे उदाहरण करून पाहिले त्यांच्यासाठी पुढचे काम : त्याच यादीतून ज्यांचे उत्पन्नाचे दाखले या वर्षीचे नाहीत त्यांची वेगळी यादी काढा. आधी कागदावर.