पन्नास हर्ट्झचा मारिओ

वर्ध्यात मे महिन्याची दुपार म्हणजे घरात कोंडून घ्यायची वेळ. पारा ४५च्या पुढे, दारं लावलेली, खिडकीत कुलर घरघरतोय आणि पोर्टेबल टीव्हीसमोर आम्ही पाच-सहा पोट्टे पालथे पडलेले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या यंत्राला आम्ही ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, वरून खुपसायच्या डबीला ‘कॅसेट’ आणि हातातल्या चपट्या वस्तूला ‘रिमोट’. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची. कुलर सुरू झाला की व्होल्टेज पडायचं, चित्र आकसायचं आणि मारिओ नेमका तेव्हाच खड्ड्यावर असायचा.

मागच्या दिवाळीच्या सफाईत तो डबा माळ्यावरून खाली आला. “मामा, हे चालतं का?” भाचीनं विचारलं. अडॅप्टर मेला होता, रिमोटच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. म्हटलं, यंत्र राहू दे, त्याची नक्कल कॉम्प्युटरवर उभी करू.

मुळात ते यंत्रसुद्धा नक्कलच होतं. अस्सल वस्तू निन्तेंदो कंपनीचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’. तो १५ जुलै १९८३ला जपानमध्ये विक्रीला आला, किंमत १४,८०० येन. आपल्याकडे आले ते त्याचे भाऊबंद : सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचे. जुन्या नकली यंत्रांमध्ये तैवानच्या यूएमसी कंपनीच्या दोन चिपा सापडतात. ६५२७ क्रमांकाची हिशेब करते आणि आवाज काढते, ६५३८ क्रमांकाची चित्र काढते. नंतरच्या स्वस्त यंत्रांत या दोन्हींची कामं एकाच चिपनं उरकली आणि वर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका ओतलेला. आमच्या डब्याचे चार स्क्रू काढले तर आत तोच ठिपका. त्यावर ना नाव, ना गाव.

एम्युलेटर म्हणजे या चिपांचं वागणं जसंच्या तसं वठवणारा प्रोग्राम. मेसेन किंवा एफसीईयूएक्स, दोन्ही फुकट मिळतात आणि कुठल्याही बऱ्या कॉम्प्युटरवर चालतात. यूएसबीचा साधा गेमपॅड जोडायचा, बटणं नेमून द्यायची. रिमोटवरची ती दोन जादा ‘टर्बो’ बटणंही नेमता येतात. यंत्रासोबतच्या खेळण्यातल्या बंदुकीचं काम माउस करतो, कारण खरी बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या उजेडावर चालायची. एलईडी टीव्हीसमोर ती आंधळी आहे. अर्ध्या तासात सगळं लागलं.

आणि मारिओ पळत सुटला. अक्षरशः. मी पहिल्याच खड्ड्यात पडलो, मग दुसऱ्या. भाची हसून लोळायला लागली. आपलं वय झालं असं समजून मी गप्प बसलो. पण गाण्याची चालही घाईची वाटत होती, आणि कान एवढ्या लवकर म्हातारे होत नाहीत.

दोष विजेचा होता. जुने टीव्ही विजेच्या मापावर बेतलेले. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवतो. जपाननंही तीच पद्धत उचलली. आपल्या वीज मंडळाची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दूरदर्शनची पाल पद्धतही पन्नासची. खेळाचा सगळा हिशेब चित्रांच्या मोजणीवर चालतो. मारिओमधल्या घड्याळाचा एक आकडा २४ चित्रांनंतर उतरतो. पहिल्या टप्प्याला ४०० आकडे मिळतात. साठच्या हिशेबानं ते १६० सेकंदांत संपतात, पन्नासच्या हिशेबानं १९२. म्हणजे टोकियोच्या पोरापेक्षा वर्ध्याच्या पोराला बत्तीस सेकंद जास्त मिळत होती. उडीही तेवढीच संथ. आमची बोटं त्या संथपणावर घडलेली.

एम्युलेटरच्या मेनूत ‘रीजन’ नावाखाली तीन पर्याय असतात : एनटीएससी (ती अमेरिकी-जपानी साठची पद्धत), पाल आणि डेंडी. पाल निवडावंसं वाटतं, पण तो चुकीचा. निन्तेंदोच्या युरोपी यंत्राची चिप १.६६ मेगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे गाण्याची पट्टीच खाली जाते. नकली यंत्रं बनवणाऱ्यांनी मात्र चिप १.७७वर ठेवली, जपानी १.७९च्या अगदी जवळ. त्यामुळे पट्टी जवळपास तीच, फक्त लय संथ. डेंडी हे १९९२च्या अखेरीस रशियात निघालेल्या अशाच नकली यंत्राचं नाव. म्हणजे वर्ध्याचं बालपण हवं असेल तर रशियाच्या नावावर टिचकी मारायची! खेळाच्या फाइलच्या सुरुवातीच्या १६ बाइटांत जी माहिती असते तीवरून एम्युलेटर बहुतेक वेळा साठ धरतो, म्हणून हा बदल हातानं करावा लागतो.

एवढं करूनही काहीतरी खटकत होतं. शोधता शोधता आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ड्यूटी सायकल’ अदलाबदल करायचा एक चौकोन सापडला. जुन्या यूएमसी चिपांत दोन प्रकारच्या चौकोनी लाटा चुकून उलट जोडल्या गेल्या होत्या. त्यानं सूर तोच राहतो, नाद बदलतो. चौकोनात खूण केली आणि लहानपणचा तो पोर्टेबल टीव्ही वाजायला लागला. जगभर जी चूक मानली जाते, तीच आम्हाला मूळ चाल म्हणून पाठ होती.

‘९९९९९९९ इन १’ छापलेल्या कॅसेटींचं प्रकरण मात्र किचकट. आत खेळ मोजून मूठभर. तेच वेगवेगळ्या टप्प्यांवरून सुरू करून लांबलचक यादी केलेली. पण प्रत्येक कारखान्याची आतली जोडणी वेगळी. ती ओळखल्याशिवाय फाइल चालत नाही, आणि ओळखायला मूळ कॅसेटच हातात लागते. तिच्यातला मजकूर उतरवून घेणारी यंत्रं मिळतात. आपल्या कॅसेटीला ६० पिना असतात, एवढं पाहून घ्यावं. कायद्याचं म्हणाल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रामची कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला ती बिघडण्या-हरवण्याच्या भीतीनं दुसरी प्रत करू देतं. आमची मुळातली प्रतच चोरीची, त्यामुळे तिथं छाती पुढे काढण्यासारखं काही नाही.

वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, गांधीजींच्या हस्ते १९३८च्या डिसेंबरात उघडलेलं. साध्या घरांतली अवजारंही जपण्याजोगी असतात, हे या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे. प्लास्टिकचा व्हिडिओ गेम तिथं ठेवा असं मी म्हणणार नाही; गांधीजींच्या ग्रामोद्योगांचं काम पाहणाऱ्या कुमारप्पांना तो मुळीच आवडला नसता. पण आर्वी, पुलगाव, सिंदीतल्या माळ्यांवर असे डबे अजून असतील, आणि यंदाही सफाई होईलच. भंगारवाल्याला देण्याआधी कॅसेट उघडून आतल्या पट्टीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पिना पुसायच्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस घ्या. फुंकर मारू नका. थुंकीनं पिना गंजतात.