हजेरीपटापलीकडे

सरकारी कचेरीत दिवसाकाठी प्रत्यक्ष काम किती होते, असे विचारले की हजेरीपट पुढे केला जातो. खुर्चीवर कोट ठेवून चहाला गेलेला कारकूनही त्यात 'हजर'च असतो! महाराष्ट्रात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला, वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली; पण तास मोजून काम मोजले जात नाही.

पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यात याहून शहाणी रीत आहे. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले. त्या उठावामागची कारणे शोधण्यास निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाठविले. त्यांच्याच पुढाकाराने केसलापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरू लागला. गोंडांनी कचेरीचे खेटे घालण्याऐवजी अधिकारीच त्यांची गाऱ्हाणी ऐकावयास जत्रेत येऊ लागले. तेथे सारेच अर्ज निकाली निघतात, असे आम्ही म्हणत नाही. मात्र मजुरी बुडवून आलेल्या माणसाचाही वेळ मोलाचा, हे त्या रीतीत मान्य आहे.

महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना मुदत घातलीच आहे. ती किती अर्जांत पाळली गेली, हे प्रत्येक कचेरीने दरमहा दारावर लावावे, अशी आमची मागणी आहे.