हेडफोनला दोष देण्यापूर्वी

व्यापाराच्या पानावर हेडफोनचा विषय कशाला, असे वाचक विचारतील. कारण साधे आहे. कापडाच्या दुकानात मीटरमागे पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस हेडफोनच्या दुकानात नुसता डबा बघून वीस-पंचवीस हजार मोजतो. महिन्याभरात तो माल कपाटात जाऊन पडतो. हा तोटा आम्ही स्वतः केला आहे, म्हणून लिहीत आहोत.

आम्हाला जुन्या गझला आणि ख्याल गायकीचा शौक. अकोल्यात दुकान वाढवून रात्री घरी आलो की तासभर तेवढाच विरंगुळा. दोन वर्षांपूर्वी खरेदीसाठी मुंबईला गेलो असताना एका दुकानातून ३०० ओहमचा, उघड्या पाठीचा हेडफोन आणला. दुकानदाराने कंपनीचे गुणगान केले, किंमत सांगितली. हा कशाला जोडणार, एवढे मात्र विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. घरी मोबाईलला जोडला तर आवाज मलूल. नव्या सिनेमाची गाणी कशीबशी वाजायची, पण जुन्या ध्वनिमुद्रणातला आलाप शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा.

दोष हेडफोनचा नव्हता. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. मोबाईलच्या जोडणीतून साधारण एक व्होल्ट मिळाला असे धरले, तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट पोहोचतात आणि ३०० ओहमच्याला जेमतेम ३. आजची गाणी मुळातच चढ्या आवाजात भरलेली असतात, म्हणून ती निभावून जातात. जुन्या, हळू आवाजाच्या मुद्रणाला जोर लागतो. एकाच नावाचा मालही वेगवेगळ्या ओहमचा येतो. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० अशा तिन्ही प्रकारांत निघाला. तेव्हा नाव सारखे म्हणून माल सारखा समजू नये. ओहमबरोबर सेन्सिटिव्हिटीचा आकडाही पाहावा, म्हणजे थोड्या विजेत तो किती डेसिबल आवाज देतो ते कळते. आम्ही पुढे एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि तोच हेडफोन बोलू लागला. अ‍ॅम्प्लिफायर घेताना त्याचा स्वतःचा अडथळा हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा या धंद्यातला जुना हिशेब आहे. फाईल मात्र चांगली हवी. सीडीच्या दर्जाची असली की पुरे. त्यापुढच्या महागड्या आकड्यांसाठी आमच्या वयाच्या माणसाने पैसे घालू नयेत. पन्नाशीनंतर फार वरचे सूर कानाला तसेही पोहोचत नाहीत.

आता कापडवाल्याच्या नजरेने दोन शब्द. कानावरच्या गादीकडे कोणी बघत नाही, पण निम्मा आवाज तिच्यात आहे. रेक्झिनची गादी हवा अडवते, त्यामुळे तबल्याचा डग्गा भरदार येतो. मखमलीतून हवा खेळते, त्यामुळे आवाज मोकळा होतो पण खर्ज थोडा उतरतो. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये चष्म्याच्या काडीने गादी जराशी उचलली गेली तरी डग्गा नाहीसा होतो; पुष्कळ लोक याच कारणाने माल परत करतात. वऱ्हाडच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, घामाने हलके रेक्झिन लवकर पापुद्रे सोडते. म्हणून गादी सुटी मिळते की नाही ते खरेदीआधीच विचारावे. आणि बदलायची तर मूळ मापाची, मूळ कापडाचीच घ्यावी. अस्तर बदलले की अंगरखा जसा वेगळा पडतो, तसा गादी बदलली की आवाज वेगळा पडतो.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे कूलर. उघड्या पाठीच्या हेडफोनला बाहेरचा आवाज अडवता येत नाही. कूलर घरघरत असला की आपण नकळत आवाज चढवत जातो. उन्हाळ्यात आम्ही पहाटे, कूलर बंद करून ऐकतो. ज्याला दुपारीच ऐकायचे आहे त्याने बंद पाठीचा घ्यावा.

दुकानात पारख करायची तर धांगडधिंग्याचे गाणे लावू नये, तंबोरा लावावा. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते तिथे तिच्याखाली सुती धागा सरकवून जवारी लावतात. धागा केसभर हलला तरी नाद पालटतो. सुताची एवढी करामत आम्हा कापडवाल्यांनाही ठाऊक नव्हती. चांगल्या हेडफोनमध्ये ती जवारी चारही तारांची निरनिराळी उमटते. सुमार हेडफोनमध्ये नुसती गुणगुण होते.

याच तंबोऱ्याने आमची फजिती केली. डाव्या बाजूची जवारी बोथट वाटू लागली. आम्ही मुंबईच्या दुकानदाराला फोन करून नको ते बोललो, माल बदलून मागितला. त्याने शांतपणे सांगितले, हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानावर. उलटा घातला. हेडफोनमध्ये दोष असता तर बोथटपणा त्याच्याबरोबर उजव्या कानाकडे गेला असता. तो गेला नाही, डाव्या कानातच राहिला.

कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढला. दोन्ही कान ४००० हर्ट्झच्या आसपास खाली गेलेले, डावा अधिक. गोंगाटात वर्षे काढलेल्या माणसाचा आलेख असा येतो, असे ते म्हणाले. विशी-तिशीत आम्ही मालेगावच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये दिवस-दिवस बसून माल निवडला. तिथे आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो. समोरासमोर बोलायचे तर ओरडावे लागते. ज्यांचे सारे आयुष्य त्या मागांवर गेले त्यांच्या कानांचा आलेख कोण काढणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० असेल तर फक्त ४ तास. गेलेले ऐकू परत येत नाही, आवाज वाढवून तर नाहीच, असेही डॉक्टरांनी बजावले.

दुकानदाराला आम्ही पुन्हा फोन केला आणि माफी मागितली. अ‍ॅम्प्लिफायरच्या खुंटीवर शिंप्याच्या खडूने एक रेघ मारून ठेवली आहे. मुले धूळ पुसताना ती पुसून टाकतात, आम्ही परत मारतो.