शी-शूची सवय आणि हट्ट (लेखांक सातवा)

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला शी-शूची सवय लावणे आणि त्याचा हट्ट हाताळणे ही पालकांना दोन स्वतंत्र कामे वाटतात. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी, आपल्या शरीरावर आपली सत्ता चालते हा मुलाला नुकताच लागलेला शोध असतो. मागील लेखांकात पाहिल्याप्रमाणे या वयात आकलन बोलण्याच्या पुष्कळ पुढे गेलेले असते, आणि जो नकार शब्दांत मांडता येत नाही तो मूल जमिनीवर लोळून किंवा शी दाबून धरून व्यक्त करते.

गुदद्वाराभोवतालचे बाहेरचे वलयाकार स्नायू इच्छेनुसार आवळता येतात, परंतु हे नियंत्रण मज्जासंस्था पक्व होत जाईल तसे, साधारणपणे दीड वर्षानंतर येऊ लागते. आजी तान्ह्या बाळाला पायांवर बसवून ‘शूऽऽ’ असा आवाज काढते तेव्हा जे साधते, त्यात बाळाच्या नियंत्रणापेक्षा आजीच्या अचूक निरीक्षणाचा वाटा मोठा असतो. ही पद्धत चांगलीच आहे, मात्र तिच्या आधारावर वर्षाच्या मुलाने स्वतः सांगावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तयारी पाहून, दडपण न आणता शिकवलेली ही मुले दिवसा कोरडी राहू लागली तेव्हा त्यांचे सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होते.

सक्तीचा सर्वांत मोठा धोका बद्धकोष्ठतेचा आहे. दाबून धरलेल्या मळातील पाणी मोठे आतडे शोषून घेते, मळ कडक होतो, तो बाहेर पडताना दुखते आणि त्या भीतीने मूल पुढच्या वेळी अधिकच दाबून धरते. टाचा उंचावून, पाय आवळून पडद्याआड उभे असलेले मूल कुंथत आहे असे घरच्यांना वाटते, पण बहुधा ते शी रोखत असते. असे महिनोन्‌महिने चालले तर गुदाशय ताणला जाऊन शी लागल्याची जाणीवच बोथट होते, साचलेल्या मळाच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डी भरते, आणि जे मुलाच्या हातातच नाही त्यासाठी त्याला मार बसतो. अशा वेळी सवय लावण्याचा प्रयत्न काही आठवडे थांबवावा, बालरोगतज्ज्ञांनी दिलेले मळ मऊ करणारे औषध ते सांगतील तितके दिवस द्यावे, दिवसभर दूधच पाजले जात असेल तर ते कमी करावे, आणि कमोडवर बसणाऱ्या मुलाच्या पायांखाली पाट ठेवावा, कारण लोंबकळत्या पायांनी जोर करता येत नाही.

हट्टाचा आवेग बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत ओसरतो. तेवढा वेळ जवळ राहून, इजा होणार नाही इतके पाहून, थोडके बोलणे पुरते. समजुतीचे लांबलचक बोलणे त्या क्षणी मुलापर्यंत पोहोचत नाही, आणि रडे थांबवण्यासाठी मागितलेली वस्तू दिली तर रडण्याचा उपयोग तेवढा त्याच्या लक्षात राहतो. रडता रडता श्वास रोखून मूल निळे पडत असेल तर डॉक्टरांना दाखवून रक्तातील लोहाची तपासणी करून घ्यावी, कारण लोहाच्या कमतरतेशी या प्रकाराचा संबंध आढळला आहे.

डायपर सुटला असेल तरच प्रवेश, ही नर्सरी शाळांची अट अनेक घरांत सक्तीला कारण ठरते. शाळांनी ती मागे घ्यावी.