भूसंपर्कन, औद्योगिक

भूसंपर्कन, औद्योगिक : कारखान्यातील विद्युत् सामग्रीचे जे धातूचे भाग एरव्ही विद्युत् भारित नसतात, पण निरोधन बिघडल्यास भारित होऊ शकतात, ते संवाहकाने जमिनीशी व पुरवठ्याच्या भूसंपर्कित बिंदूशी कायमचे जोडण्याच्या क्रियेस भूसंपर्कन म्हणतात. कारागिरांच्या बोलीत यालाच ‘अर्थिंग’ किंवा नुसते ‘अर्थ देणे’ असे म्हटले जाते. एकाच वेळी हाताला किंवा पायाला लागू शकतील असे सर्व धातुभाग एकमेकांस जोडून त्यांचे वर्चस् (विद्युत् पातळी) सारखे ठेवणे याला समवर्चस् जोडणी म्हणतात. व्यवहारात तिला ‘बाँडिंग’ हा शब्द रूढ आहे. या दोन क्रिया परस्परपूरक असल्या, तरी त्यांची कार्ये वेगळी आहेत. भूसंपर्कनामुळे दोषप्रवाहाला परतीचा मार्ग मिळून पुरवठा खंडित होतो, तर समवर्चस् जोडणीमुळे तो खंडित होईपर्यंतच्या काळात माणसाच्या शरीरावर घातक दाब येत नाही.

इतिहास : जमिनीचा विद्युत् मार्ग म्हणून उपयोग प्रथम तारायंत्रात झाला. परतीच्या तारेऐवजी जमीन वापरता येते, हे कार्ल आउगुस्ट फोन श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये म्यूनिक येथे दाखविले. सुरक्षिततेसाठी भूसंपर्कन करण्याची पद्धत विजेचा सार्वजनिक पुरवठा सुरू झाल्यानंतर हळूहळू रूढ झाली. भारतात १९१० च्या विद्युत् अधिनियमाखाली केलेल्या १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांतील ६१ व्या नियमाने ती बंधनकारक केली. २००३ च्या विद्युत् अधिनियमानंतर या नियमांची जागा केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी (२०१० व नंतर २०२३) घेतली. भूसंपर्कनाची तांत्रिक संहिता, म्हणजे भारतीय मानक ३०४३, प्रथम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली व १९८७ आणि २०१८ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

विजेचा शरीरावरील परिणाम : अपाय विद्युत् दाबामुळे होतो असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्षात तो शरीरातून जाणाऱ्या प्रवाहामुळे व प्रवाह किती काळ टिकतो त्यामुळे होतो. ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा सु. अर्धा ते एक मिलिअँपिअर प्रवाह नुसता जाणवतो. सु. १० मिलिअँपिअरला स्नायू आखडून हातातील वस्तू सोडवत नाही. सु. ३० ते ५० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह हृदयाच्या एका ठोक्याहून जास्त काळ टिकला, तर हृदयाची लयबद्ध आकुंचने बंद पडून ते नुसते थरथरू लागण्याचा व मृत्यूचा धोका असतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध गणितासाठी सु. १,००० ओहम धरतात. त्यानुसार २३० व्होल्टला सु. २३० मिलिअँपिअर, म्हणजे घातक मर्यादेच्या कित्येक पट प्रवाह वाहू शकतो.

जमिनीची रोधकता : भूसंपर्काचा रोध मुख्यतः जमिनीच्या रोधकतेवर अवलंबून असतो. कोल्हापूर जिल्ह्यात या बाबतीत मोठी विविधता आढळते. पंचगंगेच्या काठच्या ओल्या काळ्या मातीची रोधकता काही दशक ओहम-मीटर असते. उलट गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीपासून आजरा व चंदगडकडे जाताना जांभा दगडाचे माळ व मुरमाड उतार लागतात. तेथे पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो, पण पाणी झपाट्याने निचरून जाते व उन्हाळ्यात वरचा थर कोरडा पडतो. अशा जमिनीची रोधकता १,००० ओहम-मीटर किंवा त्याहूनही अधिक असू शकते. म्हणून मे महिन्यात नापास होणारा भूसंपर्क ऑगस्टमध्ये उत्तम मापन दाखवितो. पुरवठादाराच्या भूसंपर्काची चाचणी कोरड्या ऋतूतील कोरड्या दिवशी निदान दोन वर्षांतून एकदा घ्यावी, असे नियमात म्हटले आहे, त्यामागील कारण हेच होय.

रोधकता मोजण्याची चार खुंट्यांची पद्धत फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये मांडली. समान अंतरावर एका रेषेत ठोकलेल्या चार खुंट्यांपैकी बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडून आतल्या दोहोंमधील दाब मोजतात. या दोहोंच्या भागाकाराने मिळणाऱ्या रोधाला खुंट्यांमधील अंतराने व ६.२८ ने गुणले असता रोधकता मिळते. पुरलेल्या भूसंपर्काचा रोध मोजताना प्रवाहाची खुंटी दूर ठोकतात व दाबाची खुंटी त्या अंतराच्या सु. ६२ टक्क्यांवर ठेवतात. दोन्ही खुंट्या जवळजवळ ठोकल्यास मापन फसवे येते.

भूसंपर्काचे प्रकार : नळी, कांब, पट्टी व पत्रा हे प्रकार प्रचलित आहेत. जस्तलेपित लोखंडाचा पत्रा निदान ६० × ६० सेंमी. आकाराचा व ६.३ मिमी. जाडीचा असतो. तांब्याच्या पत्र्यास ३.१५ मिमी. जाडी पुरते. खड्ड्यात मीठ व कोळसा यांचे थर देण्याची जुनी पद्धत आहे, परंतु मीठ पावसात वाहून जाते व लोखंड गंजविते. अलीकडे बेंटोनाइटासारखी ओल धरून ठेवणारी माती वापरतात. खडकाळ जागी एकाच खड्ड्यावर खर्च करण्यापेक्षा अनेक कांबी परस्परांपासून निदान त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर ठोकून जोडणे, इमारतीच्या पायातील सळया वापरणे किंवा इमारतीभोवती पट्टीचे कडे पुरणे अधिक फलदायी ठरते.

केवळ खड्डा पुरेसा नसतो : यंत्राजवळ खड्डा करून त्यात कांब पुरली व यंत्राचा सांगाडा तिला जोडला की यंत्र सुरक्षित झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची व घातक आहे. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या, म्हणजे बऱ्यापैकी चांगल्या जमिनीत ३ मी. लांब व ४० मिमी. व्यासाची कांब ठोकल्यास तिचा रोध सु. २८.६ ओहम येतो. रोहित्राच्या शून्यबिंदूचा भूसंपर्क १ ओहमचा धरला, तर कलातार सांगाड्याला लागताच वाहणारा दोषप्रवाह २३० भागिले २९.६, म्हणजे सु. ७.८ अँपिअर असतो. १५ अँपिअरची वितळतार त्याने वितळत नाही. चलित्र चालूच राहते, सांगाड्यावर सु. २२२ व्होल्ट दाब टिकून राहतो व त्याला हात लावणारा माणूस दगावू शकतो. शिवाय कांबेभोवती सु. १,७०० वॉट उष्णता निर्माण होऊन माती आणखी वाळते. नेसरी-चंदगडकडील १,००० ओहम-मीटरच्या जांभ्या जमिनीत याच कांबेचा रोध २८६ ओहम होतो व दोषप्रवाह एक अँपिअरही भरत नाही.

यावर खरा उपाय म्हणजे सांगाड्यापासून पुरवठ्याच्या शून्यबिंदूपर्यंत अखंड धातूचा परतीचा मार्ग, अर्थात संरक्षक संवाहक. कारखान्याचे स्वतःचे रोहित्र असल्यास हा संवाहक शून्यतारेपासून वेगळा ठेवून रोहित्रापर्यंत नेतात. संपूर्ण दोषमंडलाचा संरोध ०.५ ओहम असेल, तर दोषप्रवाह ४६० अँपिअर होतो व वितळतार क्षणार्धात वितळते. अशा लहान मंडलांत ०.४ सेकंदाच्या आत पुरवठा तुटावा, अशी आधुनिक संहितांची अपेक्षा आहे. म्हणून तपासणीत खड्ड्याच्या रोधाबरोबर दोषमंडलाचा संरोधही मोजणे आवश्यक असते. स्थिर चलित्रे, जनित्रे व रोहित्रे यांच्या सांगाड्यांना दोन स्वतंत्र जोडण्या द्याव्यात, हा नियम एक जोडणी नकळत तुटली तरी दुसरी शाबूत राहावी यासाठी आहे.

सार्वजनिक पुरवठ्यावर चालणाऱ्या लहान उद्योगांना असा धातूचा मार्ग नेहमी मिळत नाही. तेथे गळती-प्रवाह खंडक बसविणे अनिवार्य समजावे. या साधनात जाणारा व परतणारा प्रवाह यांची सतत तुलना होते व ठरावीक फरक पडताच मंडल तुटते. ३० मिलिअँपिअरला तुटणारा खंडक २८६ ओहमच्या कांबेबरोबरही सांगाड्यावर टिकून राहू शकणारा दाब ९ व्होल्टच्या आत ठेवतो. ५० व्होल्टची सुरक्षित मर्यादा धरल्यास ३०० मिलिअँपिअरच्या खंडकास सु. १६६ ओहमपर्यंतचा भूसंपर्क चालतो. खडकाळ प्रदेशातील भातगिरण्या, काजू प्रक्रिया केंद्रे व गुऱ्हाळे यांना हे साधन विशेष उपयुक्त आहे.

समवर्चस् जोडणीचे कार्य : वरील ४६० अँपिअरच्या उदाहरणात पुरवठा तुटेपर्यंतच्या अल्पकाळात सांगाड्यावर शंभर व्होल्टांहून अधिक दाब येऊ शकतो. माणसाचा एक हात सांगाड्यावर व दुसरा पाण्याच्या नळावर असेल, तर तो दाब त्याच्या छातीवर पडतो. नळ, पत्र्याच्या शेडचे खांब, वाहकपट्ट्याचा सांगाडा, जिना व कठडे हे सर्व सांगाड्याशी जोडलेले असल्यास सर्वांचे वर्चस् एकदमच वाढते व माणसाला जाणवणारा फरक अल्प राहतो. तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का बसत नाही, त्याचे कारणही हेच. गुऱ्हाळात चरकाचे चलित्र, रसाची टाकी व काहील जवळजवळ असतात, जमीन रसाने व पाण्याने ओली असते आणि कामगार बहुधा अनवाणी असतात. तेथे या सर्व धातुभागांची जोडणी थोडक्या खर्चात होते.

दोषप्रवाह जमिनीत शिरतो तेथे जमिनीच्या पृष्ठभागावरही दाबाचा उतार निर्माण होतो व चालणाऱ्याच्या दोन पायांमध्ये दाबांतर येते. गुराढोरांच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर जास्त असते व प्रवाहाचा मार्ग हृदयावरून जातो. त्यामुळे वीज पडल्यावर किंवा खांबाजवळ तार तुटल्यावर माणसे बचावतात, पण जनावरे मरतात. उपकेंद्रात जमिनीखाली पट्ट्यांची जाळी पुरतात व वर खडीचा थर पसरतात, ते हे दाबांतर व पायांतून जाणारा प्रवाह कमी करण्यासाठीच.

विशिष्ट उद्योग : कोल्हापूर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांत लोखंड वितळविण्यासाठी प्रवर्तन भट्ट्या वापरतात. तांब्याच्या जलशीतित वेटोळ्यात उच्चतापसह अस्तराची मूस असते. अस्तर झिजून सु. १,५०० अंश से. तापमानाचा रस वेटोळ्यापर्यंत पोहोचल्यास पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. हे टाळण्यासाठी मुशीच्या तळातून रसाला टेकणाऱ्या निष्कलंक पोलादाच्या तारा भूसंपर्कित करतात व भूसंपर्क नसलेल्या वेटोळ्यावर अल्प एकदिश दाब देऊन गळतीवर लक्ष ठेवतात. रस वेटोळ्याजवळ येताच गळती वाढून भट्टी आपोआप बंद होते. याच तारांमुळे रसात लोखंडी पळी बुडविणारा कामगारही सुरक्षित राहतो. नवे अस्तर भरताना या तारा गाडल्या गेल्या किंवा तुटल्या, तर गळतीमापक आंधळा होतो व सारे काही ठीक असल्याचेच दाखवितो. म्हणून रसाला भूसंपर्क आहे की नाही, याची चाचणी नियमितपणे घ्यावी लागते.

साखर कारखान्यांत मोठ्या जनित्रांचा शून्यबिंदू रोधकामधून भूसंपर्कित करतात. त्यामुळे दोषप्रवाह मर्यादित राहून जनित्राचा गाभा जळत नाही. कारखान्यास जोडलेल्या मद्यार्क निर्मितिशाळेत धोका वेगळा असतो. द्रव नळीतून वाहताना स्थिर विद्युत् निर्माण होते व मद्यार्काची वाफ पेटण्यास मिलिजूलच्या अंशाइतक्या ऊर्जेची ठिणगी पुरते. म्हणून टँकर भरण्यापूर्वी तो भरणनळीशी व भूमीशी जोडतात आणि भरणे पूर्ण झाल्यावरच जोडणी काढतात. तडित् संरक्षकाचा भूसंपर्कही इतर भूसंपर्कांशी जोडलेला असावा लागतो, अन्यथा वीज पडल्यावर दोहोंमध्ये ठिणगी उडू शकते.

संगणकीय नियंत्रणाच्या यंत्रांना ‘स्वच्छ’ भूसंपर्क हवा म्हणून इतर भूसंपर्काशी न जोडलेला स्वतंत्र खड्डा देण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. दोष निर्माण झाल्यास अशा यंत्राचा दोषप्रवाह मातीतूनच परततो व वर वर्णिलेली घातक परिस्थिती उद्‌भवते. विद्युतीय गोंगाट टाळण्यासाठी वेगळी तार न्यावी, पण ती मुख्य भूसंपर्क पट्टीला अवश्य जोडावी.

देखभाल : भूसंपर्क निकामी झाला तरी यंत्र पूर्ववत् चालते, त्यामुळे दोष अपघात होईपर्यंत लक्षात येत नाही. गंजलेले नटबोल्ट, जोडणीखालील रंग, दुरुस्तीनंतर परत न लावलेली तार, तीन टाचण्यांच्या गुडदीतील मोडलेली टाचणी व शून्यतारेलाच सांगाडा जोडणे ही नेहमीची कारणे होत. पूर्वी लोखंडी जलवाहिनीवर विसंबलेल्या अनेक जुन्या इमारतींचा भूसंपर्क प्लॅस्टिकचे नळ बसविताच नाहीसा झाला. साखर कारखान्यांत देखभाल गळीत हंगाम संपल्यावर होते. ती मापने पावसाळा सुरू होण्यापूर्वीच, जमीन सर्वांत कोरडी असताना घ्यावीत. प्रत्येक खड्ड्याचा रोध, प्रत्येक संरक्षक संवाहकाचे सातत्य, दोषमंडलाचा संरोध व गळती-प्रवाह खंडकाची चाचणी यांची दिनांकासह नोंद ठेवल्यास वर्षागणिक होणारा ऱ्हास आकड्यांवरून दिसतो व अपघातापूर्वी दुरुस्ती करता येते.