जुन्या शेगड्याची किंमत कशी ठरवायची?

गेल्या मे महिन्यात शहापूरचं आमचं जुनं घर रिकामं करायचं ठरलं. मागच्या खोलीत आजोबांचं सागवानी कामाचं टेबल आणि त्यावर बोल्टनं बसवलेला शेगडा होता. शेगडा म्हणजे बेंच व्हाइस. कानस मारताना किंवा करवत चालवताना वस्तू घट्ट धरून ठेवतो तो. आमच्या शेगड्यावर ओतीव अक्षरं आहेत : जे. पार्किन्सन अँड सन, शिपली. हे शिपली इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं. आजोबांनी तो भंगाराच्या लिलावात घेतला होता आणि त्याचा तुटलेला जबडा स्वतः जोडला होता.

जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. जबड्यावरची पितळी रेघ बघून म्हणाला, "रिपेअर केलंय हे. अँटिक व्हॅल्यू गेली. दोन्हीचे मिळून साडेतीन हजार देतो." तो गेल्यावर काका मला म्हणाले, "त्या रेघेवर हिरवा रंग मार रे. दुसऱ्याला दाखवू."

काकांना सरळ नाही म्हणणं सोपं नव्हतं. पैसे भावंडांत वाटायचे होते आणि आत्याला त्यांची गरज होती. म्हणून आधी खरी किंमत काय, ते समजून घ्यायचं ठरवलं. उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्या शेजारच्या मामांनी जे शिकवलं, ते इथे देतो.

पहिलं म्हणजे 'अँटिक' या शब्दाला भुलू नये. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात साधारणपणे किमान १०० वर्षांची अट आहे. आमच्या शेगड्यावर सालच नाही. तेव्हा संग्राहकाची किंमत वेगळी आणि कामाची किंमत वेगळी. दुरुस्तीनं पहिली उतरते, पण दुसरी उतरतेच असं नाही.

आता जोड. शेगडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड दाब छान सोसतं, पण ताण किंवा घणाचा दणका बसला की तडकतं. साध्या रॉडनं वेल्डिंग केलं तर जोडाशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, आणि तिथेच पुन्हा भेग जाते. आजोबांनी ब्रेझिंग केलं होतं. बीड वितळायला साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सिअस लागतात, ब्रेझिंगचं पितळ ९०० च्या आसपास वितळतं. त्यामुळे बीड न वितळता जोड बसतो. मात्र आधी सगळा भाग तापवावा लागतो आणि नंतर राखेत किंवा चुन्यात हळूहळू गार करावा लागतो. जबडा सोडवून टांगा, हातोडीनं हलकेच टिचकी मारा. खणखणीत वाजला तर बरं, बद्द वाजला तर आत भेग असण्याची शक्यता आहे.

मग वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एक जबड्याच्या डाव्या टोकाला, एक उजव्या. शेगडा हलका आवळा आणि दोन्ही ओढून बघा. एक सहज निघाली तर जबडे समांतर नाहीत. आमच्या दोन्ही पट्ट्या फाटल्या, निघाल्या नाहीत.

तिसरी गोष्ट आटे. पार्किन्सनच्या या शेगड्यात खटका दाबला की अर्धा नट सुटतो आणि जबडा सरळ मागे ओढता येतो. सोय मोठी, पण झिजही तिथेच होते. जोर लावून आवळल्यावर नट घसरत नाही ना, ते बघायचं.

टेबलाचं तंत्र सोपं. एका टोकाला धरून लांबीच्या दिशेनं ढकला. पाय डुलले तर कूस-साळ सैल झाली आहे. खाली बारीक भुगा पडला असेल तर कीड आहे. आणि उंची! फिटरचा शेगडा कोपराच्या उंचीला असावा. आजोबा बुटके होते, त्यामुळे तो माझ्या कोपराच्या चार बोटं खाली येतो.

शेवटी रंग. जुन्या शेगड्यावर ताजा जाड रंग दिसला की खरवडून बघा, असं मामा म्हणाले. ते ऐकून काका गप्प झाले. आजोबांना रेघ झाकता आली असती, पण त्यांनी ती उघडी ठेवली होती.

पुढे मामांच्या ओळखीचा एक फिटर आला. मी आधीच सांगितलं, "जोड इथे आहे. यावर घण चालवू नका." त्यानं रेघेवरून बोट फिरवलं, कागद लावून पाहिला आणि नुसत्या शेगड्याचे पाच हजार दिले. आत्याचा वाटा तिला त्याच दिवशी मिळाला.

टेबल मात्र गेलं नाही. आजोबांनी ते खोलीतच जुळवलं होतं, दारातून निघेना. शेवटी सांधे सोडवून घरी आणलं आणि पायांखाली चार बोटांचे ठोकळे लावून पुन्हा उभं केलं.

तुमच्याही घरी माळ्यावर असं काही पडलं असेल, तर व्यापाऱ्याला फोन करण्याआधी कागदाच्या दोन पट्ट्या घेऊन वर चढा.