चंद्रपुरात हल्ला सावकाश का यायचा?

नव्वदच्या दशकात बल्लारपूर, घुग्घुस किंवा ऊर्जानगरच्या वसाहतीत ज्यांनी उन्हाळ्याची सुट्टी काढली, त्यांना 'गॅलॅक्सियन' वेगळा सांगायला नको. बाहेर पारा ४५ वर, आत कूलर, टीव्हीला जोडलेला 'लिटल मास्टर' किंवा 'मीडिया'चा व्हिडिओ गेम आणि त्यात खुपसलेली पिवळी कॅसेट. वर परग्रहवासीयांची फौज डुलते, त्यातला एखादा गिरकी घेत खाली झेपावतो, आणि आपलं एकुलतं एक यान डावी-उजवीकडे पळत गोळ्या झाडतं.

हे खेळ मूळचे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचे. 'ताइतो' कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आणला. पुढच्याच वर्षी 'नामको'चा रंगीत 'गॅलॅक्सियन' आला. निशिकादोंच्या यंत्रात इंटेलचा ८०८० प्रोसेसर होता. पडद्यावर शत्रू ५५, पण एका चित्रात तो त्यातल्या एकालाच सरकवायचा. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे अख्खी फौज एक पाऊल सरकायला जवळजवळ एक सेकंद. शत्रू मरत गेले की सरकवायचे कमी उरत आणि उरलेल्यांचा वेग वाढे. शेवटचा एकटा तर सुसाट सुटे. प्रोसेसरच्या मर्यादेतून आलेला हा थरार निशिकादोंनी मुद्दाम तसाच ठेवला. खेळांच्या इतिहासात याहून शहाणा निर्णय मला दिसत नाही.

घरी आणताना मात्र खेळ नव्यानेच रचावा लागे. १९८० मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' अटारी २६०० वर आला, तेव्हा त्या यंत्राची कामाची मेमरी होती फक्त १२८ बाइट. त्याच्या चिपला खेळाडूंसाठी दोनच हलती चित्रं काढता येत. पण प्रत्येकाच्या एका ओळीत तीन प्रती उमटवता येत. दोन त्रिक सहा. म्हणून ११ शत्रूंची रांग सहाची झाली आणि, रांगा पाचाऐवजी सहा करूनही, ५५ ची फौज ३६ वर आली.

आपल्याकडचे ते स्वस्त डबे १९८३ च्या जपानी 'फॅमिकॉम'च्या नकला होत्या. फॅमिकॉमच्या चिपला पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठच हलती चित्रं दाखवता येतात, तर 'गॅलॅक्सियन'च्या लांब रांगेत शत्रू दहा. मार्ग असा की रांगेतली फौज हलती चित्रं नसतेच, ती पार्श्वभूमीच्या ठोकळ्यांतून रंगवलेली असते. शत्रू झेपावतो त्या क्षणी त्याचा ठोकळा पुसला जातो आणि त्याच जागी हलतं चित्र सुरू होतं. हा सगळा खेळ १६ किलोबाइटमध्ये बसला. इतका लहान, म्हणून तर अनेक खेळ कोंबलेल्या कॅसेटमध्ये तो हटकून असे.

आता वेगाचं. हे खेळ वेळ घड्याळाने नव्हे, चित्रांनी मोजतात. जपानी टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवी, आपला ५०. त्यामुळे ५० च्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकलांवर हाच खेळ सुमारे १७ टक्के सावकाश चाले. आपल्याकडे ५० आले ते युरोपीय टीव्ही-पद्धतीतून, आणि तिथे तो आकडा ठरला विजेच्या कंपनसंख्येवरून, पडद्यावर विजेच्या पुरवठ्यामुळे सरकते पट्टे दिसू नयेत म्हणून. आपल्या विजेची कंपनसंख्याही ५० च. ऊर्जानगरच्या महाऔष्णिक केंद्रातले टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०, घेतात ते त्यासाठीच. टोकियोतल्या पोरापेक्षा चंद्रपूरच्या पोराला नेम धरायला थोडी जास्त सवड मिळाली, त्याचं कारण हे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकीच्या मुलांना एक विनंती. अभ्यासाला असलेला ८०८५ प्रोसेसर ८०८० च्या सगळ्या आज्ञा पाळतो. बेरीज-वजाबाकीचे प्रोग्रॅम किटवर टाइप करून झाले, की पुढचा प्रोग्रॅम ५५ शत्रूंना एकेक करून सरकवण्याचा लिहा. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञा तुमच्या पुस्तकात आहेतच.